बाबांचा पीसी विंडोज ११ ला ‘अपात्र’. मग २५ वर्षांत ऑपरेटिंग सिस्टीम पुढे गेली कुठे?

फ्लॉपीबहाद्दर | रविवार, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी.

बाबांचा डेस्कटॉप २०१६ सालचा. सहाव्या पिढीचा इंटेल, ८ जीबी रॅम, मागच्या वर्षी मीच एसएसडी टाकून दिली. मशीन ठणठणीत आहे. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ने तपासणी करून सांगितलं की हे स्थळ आम्हाला पसंत नाही. प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा हवा, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी. बाबा ७६ वर्षांचे. त्यांचा वापर म्हणजे बातम्या, पत्ते, बँकेचं पासबुक बघणं आणि १९९८ पासून चालू असलेली घराण्याची वंशावळ.

वैतागून माळ्यावरची खोकी उपसली तर विंडोज २००० ची सीडी हाती लागली. तिच्याकडे बघत बसलो. स्टार्ट मेनू, टास्क मॅनेजर, वेगवेगळे यूजर, यूएसबी, नेटवर्क, एनटीएफएस, एक प्रोग्राम लटकला तरी बाकीचे चालू राहणं. मला रोज लागतं ते सगळं फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या त्या चकतीत होतं. ६४ एमबी रॅमवर चालायचं!

माझं मत: ऑपरेटिंग सिस्टीमची उत्क्रांती २००० साली संपली. पुढे नुसती रंगरंगोटी. पटत नसेल तर हाणा. आणि जाता जाता बाबांच्या पीसीचं काय करू तेही सांगा.

रात्रपाळी | ९:४०

ऑगस्ट २००३ विसरलात वाटतं.

तेव्हा माझं सायबर कॅफे होतं, १२ मशीन, थोडी २००० आणि थोडी एक्सपी. ब्लास्टर नावाचा किडा ११ तारखेला सुटला. कुणी काही डाउनलोड केलं नव्हतं, कुठे क्लिक केलं नव्हतं, नुसती तार लावलेली होती. एक्सपीवर ठोकळा यायचा, ‘सिस्टीम बंद होत आहे’, आणि ६० सेकंदांची उलटी मोजणी. एक मुलगा अमेरिकेतल्या कॉलेजचा फॉर्म भरत होता, शेवटच्या पानावर. त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. मग कळलं की ‘रन’मध्ये जाऊन ‘शटडाऊन डॅश ए’ मारलं की मोजणी थांबते. प्रत्येक मॉनिटरवर ती चिठ्ठी चिकटवली. पॅच जुलैतच आला होता, पण डायलअपवर १२ मशीनना कोण पॅच लावत बसणार?

दारात वॉचमन असावा हे घरमालकाला त्यानंतर सुचलं. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये, म्हणजे ऑगस्ट २००४ ला, फायरवॉल आपोआप चालू राहू लागली. व्हिस्टाने ‘परवानगी आहे का?’ विचारून लोकांचा जीव खाल्ला, पण त्याआधी आपण सगळे चोवीस तास ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून वावरत होतो हे कुणी बोलत नाही. तुमची ती सीडी टाका, थेट नेटला जोडा आणि चहाचं आधण ठेवा. चहा उकळायच्या आत पाहुणे हजर.

सदोबा | ९:५१

+१. रंगरंगोटी नाही हो, कडी-कोयंडा आहे तो.

खडूस पेन्शनर | ११:०५

फ्लॉपीबहाद्दर, तुमचं साल चुकलंय. २००० कशाला, १९७३ म्हणा.

१९९२ साली आमच्या तालुक्याच्या शाखेत पहिला कॉम्प्युटर आला. युनियनचा विरोध मावळून संगणक-भत्ता लागू झाला होता, म्हणून मी हात वर केला. एक ३८६ मशीन, ४ एमबी रॅम, त्यावर एससीओ युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि त्याला आठ टर्मिनल, म्हणजे नुसते कीबोर्ड-स्क्रीन. ४ एमबी! नातवाचा बारशाचा एक फोटो त्याहून मोठा आहे. त्यावर आठ काउंटर, सेव्हिंगपासून कॅश क्रेडिटपर्यंत, दिवसभर चालायचे आणि एकाचा पाय दुसऱ्याच्या पायात येत नसे. त्याच काळात माझ्या भाच्याच्या घरच्या डॉसवर एका वेळी एक प्रोग्राम चालायचा.

रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड पाकिटात, पाकिटाला लाख आणि पाकीट तिजोरीत. तिजोरीला दोन किल्ल्या, एक मॅनेजरकडे, एक हेड कॅशियरकडे. संध्याकाळी डे-एंड, मग कार्ट्रिज टेपवर बॅकअप, मग बंद करणं. बंद करण्याआधी ‘सिंक’ कमांड तीनदा द्यायची, म्हणजे मेमरीत राहिलेलं सगळं डिस्कवर उतरतं. एकदा पुरत नाही का, असं शिकवायला आलेल्या मुलाला विचारलं, तर म्हणाला, पद्धत आहे. आम्ही त्याला आचमन म्हणायचो. केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः, आणि मग बटण. चप्पल केबिनच्या बाहेर, हे सांगायला नको.

एकदा लोडशेडिंग झालं आणि यूपीएसनेही मान टाकली. चालू केल्यावर फाइल सिस्टीम स्वतःच तपासत बसली आणि जी पानं कुठली ते कळेना ती ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या डिरेक्टरीत, नुसते आकडे नाव म्हणून देऊन, ठेवली. रात्री ११ पर्यंत त्या आकड्यांच्या फायली उघडून कुणाचं खातं कुठलं ते लावत बसलो. मेळ लागला तेव्हा शेवटची एसटी गेलेली.

एकाच मशीनवर अनेक माणसं, प्रत्येकाची वेगळी परवानगी, प्रत्येकाचा प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात. हे १९७० च्या दशकात तयार होतं. घरच्या पीसीला ते मिळायला २० वर्षं लागली, एवढंच.

तिसरी घंटा | ११:१८

काका _/\_

अवांतर: ‘कॉन’ नावाचा फोल्डर विंडोजमध्ये का बनत नाही? कॉलेजात मेल फिरायचा की खुद्द बिल गेट्सलाही ठाऊक नाही, भारतीय मुलाने शोधलेलं गूढ वगैरे.

सदोबा | ११:२०

तो मेल मी २१ जणांना पुढे पाठवला होता. नशीब अजून उघडलेलं नाही.

टर्मिनलवाली | दुपारी १२:३४

गूढ वगैरे काही नाही, आणि अवांतर तर मुळीच नाही. या धाग्याचं उत्तर त्या फोल्डरातच आहे.

१९८१ च्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच. एक फ्लॉपी, तिच्यावर सगळ्या फायली एका ओळीत. कीबोर्ड-स्क्रीनला ‘कॉन’, प्रिंटरला ‘पीआरएन’, कुठेच न पाठवायचं असेल तर ‘एनयूएल’, अशी राखीव नावं. ही पद्धत डॉसचीही नाही. गॅरी किल्डालच्या सीपी/एम या त्याआधीच्या सिस्टीमवरून घेतलेली. मायक्रोसॉफ्टने जी सिस्टीम टिम पॅटरसनच्या कंपनीकडून विकत घेऊन डॉस म्हणून आयबीएमला दिली, ती सीपी/एमच्या वळणावरच लिहिलेली होती. आठ अक्षरी नाव, टिंब, तीन अक्षरं हेही तिकडचंच. ए ड्राइव्ह, बी ड्राइव्ह हेही. हार्ड डिस्क आली तेव्हा ए आणि बी फ्लॉप्यांनी अडवलेले, म्हणून तिला सी. आज फ्लॉपी नाही, पण सी ड्राइव्ह अजून सीच.

१९८३ ला डॉस २.० मध्ये फोल्डर आले. आता जुने प्रोग्राम तर ‘कॉन’ असंच लिहिणार, मग ते कुठल्याही फोल्डरात उभे असोत. म्हणून ठरलं की ते नाव प्रत्येक फोल्डरात राखीव. युनिक्सप्रमाणे तिरकी रेघ वापरावी, तर ती डॉसच्या कमांडमध्ये आधीच पर्याय देण्यासाठी खर्च झालेली. म्हणून उलटी रेघ. म्हणजे तुम्ही आज विंडोज ११ मध्ये जी उलटी रेघ मारता ती ४० वर्षांपूर्वीच्या एका तडजोडीची आहे.

रंगरंगोटी म्हणणाऱ्या धागाकर्त्यांशी मी असहमत आहे, पण उत्क्रांती म्हणजे नवं नवं येत जाणं, हेही मला पटत नाही. जुनं मोडायचं नाही ही एकच अट पाळत पाळत जे वाढतं, ती ऑपरेटिंग सिस्टीम. सिमसिटी हा खेळ डॉस-विंडोजवर चालायचा खरा, पण सोडून दिलेल्या मेमरीत पुन्हा वाचायची त्याची खोड होती. जुन्या विंडोजवर खपून जायचं. विंडोज ९५ वर खेळ कोसळायला लागला. मायक्रोसॉफ्टने काय करावं? खेळ ओळखून, तो चालू असताना मेमरी लगेच परत न घेण्याची सोय विंडोजमध्ये घातली. चूक खेळाची, पथ्य विंडोजला. कारण गिऱ्हाईक खेळाच्या कंपनीला शिव्या देत नाही. म्हणतं, नवीन विंडोज भंगार आहे.

मरे हिलचा शेजारी | दुपारी १:५०

वा ताई. वाचनखूण साठवली.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. जिथे केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ ला युनिक्स सुरू केलं ती बेल लॅब्ज मरे हिलला, इथून अर्ध्या तासावर. कुणी पाहुणे आले की मी गाडी तिकडून नेतो. बायको म्हणते, लोक नायगारा दाखवतात.

काकांच्या १९७३ ला माझा दुजोरा, त्या वर्षी युनिक्स सी भाषेत पुन्हा लिहिलं गेलं. तोवर बहुतेक ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे त्या-त्या यंत्राच्या बोलीत लिहिलेली वस्तू, यंत्र मेलं की तीही गेली. सीमुळे ती एका यंत्रातून दुसऱ्यात हलवता येऊ लागली. पण युनिक्स जन्मलं ते पडझडीतून. एमआयटी, जीई आणि बेल लॅब्ज मिळून मल्टिक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचं अवाढव्य काम करत होते. बेल लॅब्जने १९६९ ला अंग काढून घेतलं आणि रिकाम्या झालेल्या माणसांनी कोपऱ्यातल्या पीडीपी-७ नावाच्या एका जुन्या यंत्रावर लहानसं काहीतरी केलं. कमांड एवढ्या तोकड्या का, ‘एलएस’, ‘सीपी’, ‘एमव्ही’? कारण टाइपरायटरसारख्या टेलिटाइपवर एकेक अक्षर ठोकताना बोटं भरून येत.

आणि विंडोज २००० सुद्धा आभाळातून पडलेलं नाही. डेव्ह कटलर १९८८ ला डिजिटल नावाची कंपनी सोडून मायक्रोसॉफ्टकडे गेले, डिजिटलच्या व्हीएमएस या सिस्टीमचे ते एक मुख्य रचनाकार. त्यांची एनटी १९९३ ला आली. विंडोज ९५ ही डॉसच्या सुनेची लेक, एनटीचं घराणंच वेगळं. एक्सपीने २००१ ला डॉसचं घर बंद करून सगळ्यांना एनटीच्या वाड्यात आणलं. विंडोज ११ ला आवृत्ती विचारा, आतून अजूनही १०.० सांगते.

मॅकचंही तेच. ॲपलची नवी सिस्टीम काही केल्या तयार होईना, तेव्हा डिसेंबर १९९६ मध्ये स्टीव्ह जॉब्सची नेक्स्ट कंपनी विकत घ्यायची ठरली. मॅक ओएस एक्स म्हणजे नेक्स्टस्टेप, आणि तिच्या पोटात बीएसडी, म्हणजे बर्कली विद्यापीठाच्या वळणाचं युनिक्स. मॅकचे प्रोग्राम लिहिणारे अजून ‘एनएस’ने सुरू होणारी नावं वापरतात. तो एनएस नेक्स्टस्टेपचा.

नवखा२००४ | दुपारी २:०६

माझा जन्म २००४ चा. काका, विंडोज ९५ च्या आधी एक प्रोग्राम अडकला तर सगळंच अडकायचं म्हणजे कसं? मल्टिटास्किंग तर होतं ना ३.१ मध्ये?

खडूस पेन्शनर | दुपारी २:३०

वाड्यात एकच नळ होता असं समज. विंडोज ३.१ मध्ये नियम असा, ज्याची बादली लागली आहे त्याने स्वतःहून बाजूला व्हायचं. सगळे शहाणे असतील तर सुरळीत. एखाद्या काकू लुगडी धुवायला बसल्या की अख्खा वाडा पारोसा. विंडोज ९५ पासून नव्या ३२-बिट प्रोग्रामांसाठी घरमालक घड्याळ घेऊन नळाशी उभा राहिला. वेळ झाली, बादली भरो न भरो, सरका. युनिक्समध्ये मालक पहिल्यापासून उभा.

पण ९५ मध्ये जुन्या १६-बिट भाडेकरूंना अजून जुनाच नियम, आणि त्यांतला एक बसला की पुन्हा सगळ्यांची पंचाईत. टर्मिनलवाली म्हणतात तेच, जुनं मोडायचं नाही.

घरचा पेंग्विन | दुपारी ३:१५

एवढे प्रतिसाद झाले आणि कुणी लिनक्स म्हणेना? बाबांना मिंट नावाचं लिनक्स टाकून द्या, विषय संपला. २२ ची आवृत्ती घेतलीत तर २०२९ पर्यंत बघायला नको.

सदोबा | दुपारी ३:१७

आले! डेस्कटॉप लिनक्सचं वर्ष दर गुढीपाडव्याला जाहीर होतं, आणि दिवाळीपर्यंत वायफायचा ड्रायव्हर मिळत नाही.

घरचा पेंग्विन | दुपारी ३:४०

सदोबा, तुमची माहिती २००६ सालची आहे. तेव्हाचं मान्य. उबुंटू नावाच्या लिनक्सची फुकट सीडी पोस्टाने परदेशातून यायची, पोस्टमनला वाटायचं मुलाला नोकरी लागली. पीसीक्वेस्टच्या अंकासोबत सीडी मिळायची. ती टाकून घरच्या हार्ड डिस्कचे भाग पाडताना मी ताईच्या लग्नाचे फोटो घालवले होते. अजून ऐकतो.

पण लिनक्स आलं कसं बघा. २५ ऑगस्ट १९९१ ला लिनस टोरवाल्ड्सने जाहीर केलं की छंद म्हणून करतोय, फार मोठं काही होणार नाही. ३८६ वर चालणारं बीएसडी तेव्हाच मिळालं असतं तर बहुधा लिनक्स सुरूच केलं नसतं, असं त्यानेच नंतर सांगितलंय. ते १९९२ ला आलं, पण त्याच वर्षी एटी अँड टीच्या युनिक्स शाखेने बीएसडीवाल्यांवर दावा ठोकला आणि १९९४ पर्यंत सगळं टांगणीला. तेवढ्यात लिनक्सने रुमाल टाकून जागा धरली.

कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, लिनसचा, पण भोवतालची भांडीकुंडी रिचर्ड स्टॉलमनच्या जीएनयूची, १९८३ पासून जमवलेली. स्टॉलमन पेटला कशावरून? प्रिंटरवरून. लॅबमधला नवा प्रिंटर कागद अडकला की कळवत नसे, आणि ते दुरुस्त करायला त्याचा सोर्स कोड कुणी देईना.

सदोबा | दुपारी ३:४४

आणि ४० वर्षांनंतरही लिनक्सवर प्रिंटर चालत नाही. न्याय झाला.

रॅकमधला माणूस | संध्या. ६:२०

सगळे डेस्कटॉपवर भांडताय. मी पुण्यात डेटा सेंटरमध्ये आहे. फ्लॉपीबहाद्दर, २००० नंतर काही झालं नाही हे आमच्या मजल्यावर येऊन म्हणा.

२००२ मध्ये एक काम म्हणजे एक डबा. मेलचा सर्व्हर वेगळा, डेटाबेसचा वेगळा, आणि बहुतेक डबे दिवसभर माश्या मारत बसायचे. मग एकाच डब्यात दहा खोटे डबे. कल्पना जुनी, आयबीएमच्या मेनफ्रेमवर १९७२ चं व्हीएम/३७० तेच करायचं. साध्या पीसीवर ते व्हीएमवेअरने १९९९ ला आणलं, लिनक्स कर्नलमध्ये केव्हीएम २००७ ला आलं. मग लोक म्हणाले, प्रत्येक खोलीला वेगळा पाया कशाला? पाया एक, खोल्यांत नुसतं प्लायवूड. ते कंटेनर. १९७९ च्या युनिक्समध्ये ‘सीएचरूट’ होतं, फ्रीबीएसडीमध्ये २००० ला ‘जेल’ आलं, लिनक्समध्ये कुणाला किती रॅम-प्रोसेसर हे मोजून द्यायची सोय २००८ ला. डॉकरने २०१३ ला हे सगळं एका पिशवीत भरून दिलं.

आता आम्ही सर्व्हरला नाव देत नाही. पूर्वी आमच्या रॅकमध्ये रायगड, तोरणा, राजगड होते. तोरणा पडला की रात्री २ ला रिक्षा करून जायचो, अंगावर हात फिरवून उठवायचो. आता एक मेला की दुसरा आपोआप उभा राहतो आणि मला सकाळी मेल येतो.

आणि पुण्याचंच घ्या. सी-डॅकचा १९९१ चा महासंगणक परम ८००० ट्रान्सप्युटर चिपांवर, १९९८ चा परम १०००० सोलारिस या युनिक्सवर, परम पद्म आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्सवर. पुढचे सगळे लिनक्सवर. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांपैकी झाडून सगळे लिनक्सवर चालतात. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर २००१ ला लिनक्सला कॅन्सर म्हणाले होते, आणि २०१९ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या आत खरा लिनक्स कर्नल द्यायचं जाहीर केलं.

खडूस पेन्शनर | संध्या. ६:३१

नाव नाही, अंगावर हात फिरवणं नाही. सर्व्हर कसले, ब्रॉयलर कोंबड्या.

अक्षरवेडी | रात्री ९:०२

धागाकर्त्यांनी नकळत एक गोष्ट बरोबर सांगितली आहे. विंडोज २००० हीच ती पहिली विंडोज, जिला मराठी येत होतं. त्याआधी मराठी म्हणजे फॉन्टचं सोंग. फाइलमध्ये असायची इंग्रजी अक्षरं, अंगावर देवनागरी कपडे. फॉन्ट काढला की फाइल उघडी पडायची. २००० मध्ये युनिकोड देवनागरी, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक, आलं, सोबत र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल फॉन्ट. पण एक्सपीतसुद्धा ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या चौकटीत टिक करा, मग ती मूळ सीडी मागणार, आणि सीडी दुकानदाराने दिलेलीच नसायची. आपल्यातल्या कितीतरी जणांची मराठी टायपिंगची सुरुवात त्या एका टिकपाशी अडली होती.

तरी ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांतला फरक दाखवायला बराच काळ कसरत करावी लागायची. जेवण कुणी केलं आणि प्रवचन कुणी दिलं, कॉम्प्युटरला कळेना.

संपादक | रात्री ९:३०

धागा छान चाललाय, पण मूळ प्रश्न बाबांच्या पीसीचा आहे.

रात्रपाळी | रात्री ९:४१

विंडोज १० ला वर्षभराची वाढीव सुरक्षा मिळते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. नोंदणी करून टाका, तोवर विचार करा. किंवा मिंट. जबरदस्तीने ११ टाकू नका, बँकेचं काम आहे.

तिसरी घंटा | सोमवार, सकाळी ८:४४

८:४४ वरून आठवलं. युनिक्स वेळ मोजतं ती १ जानेवारी १९७० पासून, सेकंदांत. जुन्या ३२-बिट हिशोबात तो आकडा १९ जानेवारी २०३८ ला आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतो. पुढच्या सेकंदाला तारीख डिसेंबर १९०१.

खडूस पेन्शनर | सकाळी ९:०२

चालेल. १९०१ पासूनची पेन्शन थकबाकीसह घेईन.

फ्लॉपीबहाद्दर | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. रात्रपाळींचं म्हणणं मान्य, ती सीडी परत माळ्यावर.

मिंट टाकलं. बाबांनी पहिल्या दिवशी एकच तक्रार केली, पत्त्यांच्या पाठीवरचं चित्र बदललं. स्टार्ट बटण डावीकडे खालीच असल्याने बाकी काही बदललंय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

घाम फुटला तो वंशावळीपाशी. १९९८ पासून सगळं शिवाजी फॉन्टमध्ये. लिबरऑफिसने फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरांचा खच. अक्षरवेडींचं ते ‘सोंग’ तेव्हा समजलं. जुन्या ड्राइव्हमधून फॉन्टची फाइल आणून टाकली, आणि नऊ पिढ्या परत मराठी बोलायला लागल्या. मग एका कन्व्हर्टरने सगळं युनिकोडमध्ये घेतलं, पण त्याने प्रत्येक ‘ऱ्ह’चा ‘र्ह’ केला. आमच्या आजोळचे सगळे कुऱ्हाडे ‘कुर्हाडे’ झाले. बाबा गेले आठ दिवस रोज सकाळी दोन तास बसून एकेक कुऱ्हाडे दुरुस्त करताहेत. आईचं म्हणणं, निवृत्तीनंतर इतके खूश पहिल्यांदाच दिसले.

सदोबा | रात्री १०:२१

अभिनंदन. आणि प्रिंटर?

फ्लॉपीबहाद्दर | रात्री १०:२४

पेनड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातो. त्याच्याकडे अजून विंडोज ७ आहे.